पडक्या भिंतींना शून्य गुण

सोमवार, ३

मामांनी बस घेतली. मला विचारलं नाही हे ठीक आहे, पण मामींनाही विचारलं नव्हतं, हे मामींनी चहाचा कप ज्या आवाजात ठेवला त्यावरून कळलं. बस जुनी आहे. काही खिडक्यांच्या काचा खाली जात नाहीत आणि काहींच्या वर येत नाहीत.

मामांचं म्हणणं असं की वाळवंटातून पलीकडच्या शहराला जाणाऱ्या सगळ्या गाड्या रात्रीच्या आहेत. लोक झोपतात आणि उतरतात. आपण दिवसाची गाडी काढायची, वाटेत थांबत, बघत बघत.

"पण मामा, वाटेत बघण्यासारखं आहे काय?"

"ते शोधायला तर तुला पोसलंय."

जमलं तर गाडीचा सगळा कारभार माझ्याकडे. नाही जमलं तर गाडी विकून टाकणार, आणि मी काकांच्या सिमेंटच्या दुकानात. तिथे मी गेल्या वर्षी काही दिवस काढले आहेत. शिंकलो तरी सिमेंट निघायचं. शिवाय गाडी विकली तर ड्रायव्हरचंही अवघड आहे. या वयात त्यांच्या हातात दुसरं स्टिअरिंग कोण देणार? त्यांना सगळे होईलकाका म्हणतात, कारण काहीही विचारा, ते "होईल" म्हणतात. मी विचारलं, शोधून सापडेल का काही? म्हणाले, "होईल." सापडण्याला होईल म्हणत नाहीत, पण मी बोललो नाही.

जागा शोधायला जीप घेऊन जायचं आहे. मामींनाही बरोबर न्यायचं आहे. मामा म्हणाले, "बायामाणसांना काय आवडतं ते हिच्याकडून कळेल. बाया आल्या की मागून अख्खं घर येतं."

मामी म्हणाल्या, "मला काय आवडतं हे लग्नानंतर आज पहिल्यांदा निघालं या घरात."

गुरुवार, ६

तयारी. प्रत्येक जागेसाठी चार गोष्टी बघायच्या ठरवल्या: सावली, पाणी, स्वच्छतागृह, आणि पाहण्यासारखं काय. प्रत्येक जागेला दहापैकी गुण. शाळा अर्धवट सुटली म्हणून काम अर्धवट करायचं असं नाही. पाण्याचे कॅन धुऊन, भरून, झाकणं पुसून ठेवले.

मामींनी विचारलं, "वाटेत थांबायला नीट जागा आहेत ना रे?"

म्हटलं, त्याच तर शोधायला चाललोय.

"ते नव्हे. नीट जागा."

"नीट म्हणजे कशा?"

"नीट म्हणजे नीट," म्हणून त्या आत गेल्या. प्रश्न विचारायचा आणि मग आपणच चिडायचं.

शनिवार, ८

आज इतका वैताग आला आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाही. क्रमाने लिहितो.

पहिला थांबा वाळवंट सुरू होतं तिथला पेट्रोल पंप. सावली आहे, चहा आहे. मागच्या बाजूला पाटी आहे, तिच्यावर "स्वछतागृह" लिहिलं आहे. मी पंपवाल्याला सांगितलं की त्यात च्छ हे जोडाक्षर येतं. तो म्हणाला, पाटी आधीच्या मालकाची आहे. मी खडूने दुरुस्त करून दिली आणि माझ्या रकान्यात "आहे" लिहिलं. मामी मागे गेल्या आणि लगेच परत आल्या. चहा विचारला तर नको. पाणी विचारलं तर नको. तोंड असं, जसं मीच काही केलं आहे. पंपाला सहा गुण.

त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. वाळू, खांब, वाळू. मग रस्त्याच्या डाव्या हाताला तीन उंच दगड एका रांगेत उभे दिसले, थोरला, मधला, धाकटा असे. मी त्यांना "तीन भाऊ" नाव दिलं. सकाळच्या उन्हात तांबूस दिसतात. पण एकेक इतका सडपातळ आहे की सावली म्हणून काठीएवढी. मी आणि होईलकाका जरा रस्त्याच्या कडेला जाऊन आलो. या रस्त्याचा हा एक मोठा फायदा आहे की कुठेही थांबता येतं. जाहिरातीत घालायला हवं. मामी जीपमध्येच बसून होत्या, समोर बघत.

"मामी, उतरून बघा तरी. गुण द्यायचेत."

"दगडच बघायचे असते तर तुझ्या मामांसमोर बसून राहिले असते की घरी."

"पण कसे वाटले?"

"बरे आहेत. चल आता."

दहापैकी किती, हे काही केल्या सांगेनात. मी सात लिहिले.

दुपारी मिठाचं मैदान लागलं. हे मात्र खरोखर पाहण्यासारखं आहे. क्षितिजापर्यंत पांढरं, सपाट, एक झुडूप नाही की एक दगड नाही. इतकं मोकळं की उंदराला लपायचं म्हटलं तरी जागा मिळू नये. मी तर भारावून गेलो. मामींना म्हटलं, इथे अर्धा तास थांबू, चालून बघू.

"मला नाही उतरायचं."

"पण मामी, असं दृश्य..."

"सांगितलं ना एकदा."

एक घोट पाणी पुढे केलं तर हात झटकला. एवढं ऊन, ओठ सुकून पांढरे पडलेले, मागे कॅन भरलेले, आणि पाणी नको. माणसाने किती आडमुठेपणा करावा? होईलकाकांनी आरशातून मागे बघितलं आणि गाडी सुरू केली. मैदानाला नऊ गुण.

मैदान संपल्यावर रस्त्यापासून थोड्या अंतरावर एक पडकं बांधकाम आहे. रस्ता बांधणाऱ्या मजुरांच्या खोल्या होत्या म्हणे. छप्पर गेलेलं, दार गेलेलं, चार भिंती तेवढ्या उभ्या. ज्या माणसाला तीन भाऊ बघायला खाली उतरवत नव्हतं त्या माणसाने इथे ओरडून सांगितलं, "काका, थांबवा." आणि मामी उतरून झपझप चालायला लागल्या. मी टेप घेऊन मागे निघालो, तर वळून म्हणाल्या, "तू कुठे?"

"सावली किती पडते त्याचं माप घेतो."

"जीपमध्ये माझी पिशवी आहे. ती राखत बस."

त्या पिशवीला तिथे कोण हात लावणार होतं? दूरवर एक उंट होता.

परत आल्या तेव्हा बाई बदललेली. बाटलीभर पाणी एका दमात प्यायल्या, दुसरी मागितली. मग शहर येईपर्यंत बोलत होत्या. त्यांची बहीण लहानपणी कशी झाडावरून पडली, मामा लग्नात कसे उलटे जोडे घालून आले होते. मध्येच गाणंही गुणगुणल्या. मी विचारलं, "मामी, त्या भिंतींमध्ये एवढं काय होतं?"

"खूप छान आहे आत. शांत."

मला हा स्वभावच कळत नाही. निसर्ग नको, भिंती हव्यात. भिंती तर घरी आहेत. पाहण्यासारखं: काही नाही. गुण: शून्य.

सोमवार, १०

परत आलो. काल दिवसभर पलीकडच्या शहरात मामींच्या बहिणीकडे होतो. तिथे मामी खुशीत होत्या, चार चार कप चहा प्यायल्या.

आज येताना भिंती दिसल्यावर पुन्हा म्हणाल्या, थांबू या. मी वेळेचा विचार करून म्हणालो, "मामी, ते पाहून झालंय." होईलकाकांनी ब्रेकवर पाय ठेवला होता. मी म्हटलं, काका, चला, तीन भाऊ संध्याकाळच्या उन्हात बघायचे आहेत, उशीर केला तर संपलं. संध्याकाळच्या उन्हात ते सकाळपेक्षाही चांगले दिसतात. गुण सातावरून आठ केले.

मामी घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. जीप थांबायच्या आत उतरून घरात गेल्या. रुसायचं तर कारण तरी सांगावं.

बुधवार, १२

मामींना ताप. पोटात आणि कमरेत कळा. अंगावर दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होत्या. मी आणि मामा दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि मामांना म्हणाल्या, प्रवासात पाणी प्यायल्या नाहीत, आणि बाकीही हाल करून घेतले. हे असं पुन्हा चालणार नाही, मूत्रपिंडापर्यंत गेलं तर भारी पडेल.

मामा माझ्यावर उलटले. "साधं पाणी पाजता आलं नाही तुला?"

मी काय करायला हवं होतं? नाक दाबून पाजायचं? कॅन भरलेले होते. मी ते मामांना नेऊन दाखवले. अजून तसेच भरलेले आहेत. मला सिमेंटच्या दुकानाचा वास येऊ लागला आहे.

आई गेली तेव्हा मी एवढासा होतो. तापात डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या मामींनीच ठेवल्या आहेत. आज मी ठेवल्या, तर म्हणाल्या, "पिळून ठेव रे, उशी भिजली." ताप असूनही चूक काढतात, म्हणजे बऱ्या होतील.

शनिवार, १५

ताप उतरला. मामी शिवणवर्गाला जातात, तिथल्या शिवणबाई बघायला आल्या होत्या. गळ्यात मापाची टेप तशीच. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मी चहा घेऊन गेलो की गप्प. बाहेर आलो की सुरू.

पण बातमी चांगली आहे. पलीकडच्या शहरात शिवणकामाचं प्रदर्शन आहे, अख्खा वर्ग आमच्या बसने जाणार. पहिलीच फेरी आणि गाडी भरलेली. मामा म्हणाले, या बायका खूश झाल्या तर गाडी चालली. नाही झाल्या तर सोमवारी गिऱ्हाईक बघतो.

मी थांबे ठरवून मामींना वाचून दाखवले. पंप, तीन भाऊ, मिठाचं मैदान.

"आणि भिंती?"

"मामी, त्याला शून्य गुण आहेत."

"तुझे गुण घाल चुलीत. भिंतींपाशी गाडी थांबली पाहिजे."

"पडक्या भिंती बघायला कोणी तिकीट काढतं का? लोक हसतील. मामा मला सिमेंटमध्ये..."

"अरे पण..." म्हणाल्या, आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे वळून झोपल्या. "काही नाही. जा तू."

अर्धं बोलायचं आणि पाठ फिरवायची. मी थांबे तेच ठेवले.

शनिवार, २२

पहिली फेरी. जे झालं ते सगळं लिहिणार नाही. जेवढं लिहिता येईल तेवढं लिहितो.

सकाळी सगळ्या जणी हसतखिदळत चढल्या. मामीही आल्या, मामा नको म्हणत होते, पण ऐकतं कोण. पंपावर सगळ्या मागे गेल्या आणि सगळ्या लगेच परत आल्या. चहा फक्त मी आणि होईलकाका प्यायलो. त्यानंतर मी ग्लास घेऊन प्रत्येक सीटपाशी गेलो. "नको रे बाळा." "मला नको." एकीने ओठ ओले करण्यापुरता घोट घेतला आणि ग्लास परत दिला. एवढे कॅन मी स्वतः उचलून चढवले होते. कोणाला किंमत नाही.

तीन भावांपाशी मी उभं राहून माहिती सांगितली. थोरला, मधला, धाकटा. एकही बाई उतरली नाही. शिवणबाई म्हणाल्या, "तिघांत एखादी बहीण असती तर बरं झालं असतं. तिने तरी आडोसा केला असता." सगळ्या हसल्या, पण तसं मोकळं नाही. मी म्हटलं, दगड नैसर्गिक आहेत, त्यांची संख्या माझ्या हातात नाही.

मैदानावर पोचलो तेव्हा गाडीत कोणीच बोलत नव्हतं. मला वाटलं, दृश्याने भारावल्या. वर्गातली सगळ्यांत मोठी बाई, तिला सगळ्या जिजी म्हणतात, काठी टेकत पुढे आली आणि होईलकाकांच्या कानाशी काहीतरी बोलली. काकांनी बाहेर त्या पांढऱ्या सपाटीकडे बघितलं आणि मान हलवली. जिजी तिथेच पुढच्या सीटवर बसली. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं ऊन लागलं, म्हणून ग्लास पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला, अगदी हळू, पण सारला.

तेव्हा मागून मामी उठल्या. "काका, भिंतींपाशी घ्या गाडी. लवकर."

"मामी, तो थांबा नाही."

"आहे."

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी "होईल" न म्हणता गाडी हाकली.

भिंतींपाशी गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडलं. दोघींनी जिजीला धरून नेलं. एकीने सीटवर अंथरलेली चादर ओढून घेतली. मी छत्री उघडली आणि मजुरांच्या खोल्यांची माहिती सांगायला मागे धावलो. मामी मध्येच वळून उभ्या राहिल्या.

"तिथेच थांब. एक पाऊल पुढे टाकलंस तर तंगडी मोडून हातात देईन."

सगळ्या बायका हसल्या. या वेळी मोकळं.

होईलकाका गाडीच्या पलीकडच्या सावलीत बसले होते, भिंतींकडे पाठ करून. "या भाचेसाहेब. बसा. इकडे तोंड करून बसा."

बसलो. समोर मैदान. मी विचारलं, "काका, आत आहे तरी काय?"

"बहीण आहे का तुम्हाला?"

"नाही."

"आणि आई लहानपणीच गेली."

"हो. पण त्याचा इथे काय संबंध?"

त्यांनी विडी पेटवली. "त्या दिवशी जीप घेऊन आलो तेव्हा तीन दगडांपाशी आपण दोघं कुठे गेलो होतो?"

"कडेला."

"हं."

एवढंच. मला कळलं, पण एकदम नाही. आधी पंपावरची पाटी आठवली. मग पाटीखालचं दार आठवलं, ज्याच्या कुलपाला गंज चढला होता. ते मी बघितलं होतं. पाटी दुरुस्त करताना कुलूप माझ्या कोपराला लागत होतं. मग चहा नको, पाणी नको, ओठ. मग "मामी, ते पाहून झालंय" हे मी स्वतःच्या तोंडाने बोललो ते. मग पांघरुणं. कान इतके तापले की काकांनी विचारलं, ऊन लागलं का.

पुढचं लिहीत नाही.

बायका बराच वेळ परत आल्या नाहीत, आणि मी घड्याळ बघितलं नाही. आल्या तेव्हा आधी पाणी मागितलं. कॅन रिकामे होईपर्यंत मी ग्लास भरत होतो. मग गाणी सुरू झाली ती शहर येईपर्यंत. जिजीने मला पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांबा चांगला काढलास हो." मामी खिडकीबाहेर बघत होत्या, पण खांदे हलत होते.

शिवणबाई उतरायच्या आधी मागच्या सीटवर टेप गुंडाळत बसल्या होत्या. हातावर पेनाने दाराची लांबी-रुंदी लिहिली होती.

मंगळवार, २५

मामी भाजी चिरत होत्या. मी दोनदा स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाल्या, "पोटात तळं झालं असेल. काय ते बोल."

मी फ्रीजकडे बघत विचारलं, "तिथे... काय काय लागेल?"

सुरी थांबली नाही. "खोल खड्डा. वर फरशी. आडव्या भिंती घालून तीन खोल्या. दारं जमिनीपर्यंत, खालून पाय दिसता कामा नयेत. कडी आतून, आणि बसणारी. नुसती लटकणारी नको. बादली, मग, पाण्याचं पिंप. आणि एक खुंटी."

"खुंटी?"

"पिशवी कुठे अडकवायची? डोक्यावर?"

मी सगळं लक्षात ठेवलं. मग म्हटलं, "मामी, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना."

"तुला? कसं सांगणार?"

"तोंडाने."

"तुझं तोंड बघितलंस का तेव्हा? गुण मागत होतास." भाजी कढईत टाकली. चुरचुर संपली. मग त्या म्हणाल्या, "मिरच्या दे तिथल्या," आणि मी दिल्या.

शुक्रवार, २८

पुढच्या दोन फेऱ्या भरल्या. मामांच्या मते हे सगळं तीन भावांमुळे. बसच्या मागे तिन्ही दगड रंगवून घेतले आणि खाली "वाळवंट दर्षन". मी ष पुसून श करायला लावला. मामांना भिंतींचं सांगावं म्हणून सुरुवात केली, "मामा, बायकांना वाटेत..." आणि मलाही पुढे बोलता येईना. शेवटी म्हणालो, वाटेत थोडं बांधकाम काढलंय. म्हणाले, काय, चहाची टपरी? म्हटलं, तसंच.

शिवणबाईंनी पडदा पाठवला. जाड कापड, वर पितळी कड्या, खाली शिवलेल्या पट्टीत वाळू भरलेली, म्हणजे वाऱ्याने उडायला नको. गवंडी दारं बसवेपर्यंत हा लावायचा. पंपवाल्यालाही गाठलं. कुलूप तोडायला तो तयार नव्हता, पण मी सांगितलं, गाडी दुसऱ्या पंपावर थांबेल. तोडलं. आतली पाहणी मामी करणार आहेत.

रविवार, ७

तिसरी फेरी आटोपली. पुन्हा वैताग.

पाणी पुरलं नाही. भिंतींपासून पुढे निघालो आणि कॅन खडखडाट. चढताना मी स्वतः मोजून, चार जास्तीचे घेतले होते. आता या बायका सकाळी पंपापासूनच पाणी प्यायला सुरुवात करतात, चहा दोनदा घेतात, एकीने तर बरोबर कलिंगड आणलं होतं. उरलेला सगळा रस्ता ओरडा चालला होता. "पाणी ठेवत नाही आणि म्हणे सहल." परत आल्यावर मामांनी गाडीतून उतरणाऱ्या एकीला विचारलं, प्रवास कसा झाला, तर ती म्हणाली, बाकी सगळं झकास, पाण्याचे मात्र हाल. मामा मला सगळ्यांसमोर बोलले. हलगर्जी म्हणाले. मामी शेजारीच होत्या, एक अक्षर बोलल्या नाहीत, वर तोंडाला पदर लावून हसल्या.

कॅन वाढवायला हवेत, पण ठेवायला जागा नाही. होईलकाकांशी बोललो. पुढची माझी सीट काढली तर तिथे तीन बसतात. काका म्हणाले, मग तुम्ही कुठे बसणार? म्हटलं, पायरीवर होईल.